टाकीपासून दगडापर्यंत

"मृत्यू नेमका कुठे झाला?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

दस्तगीर मुलाणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली, मग परत डोक्यावर घातली.

"सावरदऱ्यात, मॅडम. शिवेच्या आत. दगड ओलांडला, शाळेचा गतिरोधक लागला, तिथं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"व्हय. गाडीच्या आरशात बघितलं."

मी मागच्या बाकावर होतो. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही गडबड झाली. दस्तगीर जीपवाल्याला मी वीस वर्षं ओळखत होतो. माल भरताना जास्त वजन घेणार नाही, सीट रिकामी असली तर भरली म्हणून सांगणार नाही, असा माणूस. शपथ घेताना त्याचा आवाज जरा कापला होता, ते मला त्याच्या नमाजी स्वभावामुळं वाटलं होतं. आणि आता तो सांगत होता की माझी बायको शाळेच्या गतिरोधकापाशी गेली.

ती तिथं गेली नव्हती. निदान मला तरी तसं माहीत होतं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी सावरदऱ्याचा कोतवाल होतो. कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे, गावचा सरकारी सांगकाम्या. दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या, तलाठ्याबरोबर शिवार फिरायचं, मोजणी आली की साखळीचं टोक धरायचं. माणगिरी तालुक्यात चौऱ्याऐंशी गावं. तहसीलदारांच्या खोलीत भिंतीवर तालुक्याचा नकाशा आहे, त्यात आमचं गाव सगळ्यात खाली, चौकटीच्या पट्टीत अर्धं गेलेलं. आमच्या पुढं चांदवणे तालुका लागतो. मधे ओढा आहे आणि ओढ्यावर हात-दीड हाताचा चुना फासलेला दगड. तो दगड म्हणजे गावाची शीव आणि तालुक्याचीही शीव. दर उन्हाळ्यात त्याला चुना मी लावायचो. एकतीस वर्षांत सहा तलाठी झाले. दर नव्या तलाठ्याला शीव मीच दाखवली. कुणाचा बांध कुठं सरकला हे लोक कागद बघण्याआधी मला विचारायचे. "शिदूनाना म्हणतील तो दगड," असं बोललं जायचं.

आणि माझी बायको हौसा कुठं गेली, हे मला एका वर्षात कागदावर लिहिता आलं नाही.

तिला पोटाचं दुखणं होतं. चांदवण्याच्या दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं. बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "घरी न्या. त्यांना घरी बरं वाटेल." एवढंच म्हणाले. मी आत आलो तर हौसा माझ्याकडं बघत होती.

"काय म्हंतोय?"

"घरी न्या म्हंतोय."

"मंग चला की. उभं काय ऱ्हायलाय?" म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "शिवेच्या आत न्या मला. मागंच ऱ्हायले तर सुताराच्या म्हातारीवानी वड्यावड्यानं नेशीला."

"तसलं काय बोलू नगंस."

"मी बोलंना. तुमी न्या."

सुताराच्या म्हातारीचं सांगायला हवं. आमच्या गावात एक रीत होती. शिवेबाहेर मेलेलं माणूस गावात आणायचं नाही. घरी नाही, दारात नाही. ओढ्याच्या काठानं परभारे मसणवट्यात न्यायचं. जीव बाहेर गेला तर तो बाहेरचं काहीतरी घेऊन येतो, असं जुनी माणसं म्हणत. मी त्यावर कधी विचार केला नव्हता. शीव राखायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून ही रीत राखायचं कामही माझ्याकडंच आलं. हौसा जाण्याच्या आठ वर्षं आधी गोविंदा सुतार त्याच्या आईला याच दवाखान्यातून याच जीपनं घेऊन येत होता. गावात निरोप पुढं आला होता. मी दगडापाशी उभा राहिलो आणि हात आडवा केला.

"गोविंदा, हाय का गेली?"

गोविंदा खरा माणूस. म्हणाला, "गेली, नाना. खिंडीत."

मी ओढ्याकडं हात केला. दस्तगीरनं जीप वळवली. त्या दिवशी संध्याकाळी हौसानं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हातारीनं चाळीस वर्षं त्या उंबऱ्यावर बसून भाकरीचं पीठ चाळलं. येक डाव उंबरा बघितला असता तर काय तालुका बुडत व्हता?" मी म्हणालो, "रीत हाय." ती म्हणाली, "व्हय. हाय." त्यावर पुन्हा आमचं बोलणं झालं नाही.

तर दस्तगीरची जीप बोलावली. मागच्या लांब सीटवर हौसाला आडवं केलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. डोळे मिटलेले. माझं एक बोट तिनं मुठीत धरलं होतं, लेकरू धरतं तसं. जीप सुटली.

"कुठं आलो?" तिनं विचारलं.

"बाजारतळ."

जरा वेळानं परत, "कुठं आलो?"

"घाटाची पायरी लागली."

मग तिला बोलवेना. पण बोट दाबायची. मी समजायचो की विचारतेय. मी सांगायचो. पहिलं वळण. करंजीचं झाड. दुसरं वळण, दरड पडलेली ती जागा. असं करत खिंडीत आलो. खिंडीत डोंगराच्या अंगाला सिमेंटची पाण्याची टाकी आहे. ती चांदवणे तालुक्यात येते. टाकीपासून आमच्या दगडापर्यंत सव्वा मैल उतार. हे मी पावलांनी मोजलेलं आहे.

"टाकी आली बघ," मी म्हणालो.

बोट दाबलं गेलं नाही. मूठ सैल झाली.

मला तिथंच कळलं की नाही, ते मला आज सांगता येत नाही. एवढं खरं की मी थांबलो नाही. मी सांगत राहिलो. खिंड संपली. आंबा आला. घळ आली. दगड आला, हौसा, चुना उडालाय, लावायला पायजे. शाळा आली. पार आला. आपलं दार आलं. दारात जीप थांबली तेव्हा पुढून वाफ येत होती आणि लोक धावत आले. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "आत्ता गेली. पारापाशी." माझ्या तोंडून ते कसं आलं, मला माहीत नाही. लोकांनी तिला उचलून आत नेलं. उंबऱ्यावरून आत नेलं.

तिसऱ्या दिवशी ग्रामसेवक लोखंडे भाऊसाहेब मृत्यूनोंदीचा फॉर्म घेऊन घरी आले. भला माणूस. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी नाव, वय, तारीख भरली. मग विचारलं, "मृत्यूचं ठिकाण? पारापाशी म्हणजे सावरदरा लिहू ना?"

मी म्हणालो, "सांगतो नंतर."

"यात नंतर काय सांगायचं, नाना?"

"सांगतो."

ते फॉर्म ठेवून गेले. मी तो कपाटात ठेवला. आठ दिवसांनी त्यांनी परत विचारलं, मी परत तेच म्हणालो. मग त्यांची बदली झाली. नव्या ग्रामसेवकाला वाटलं, कोतवालाच्या घरची नोंद, ती काय राहणार आहे. मीही रोज ग्रामपंचायतीसमोरून जात होतो आणि आत जात नव्हतो. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की दगड जिथं आहे तिथंच आहे, तो तुमच्या सोयीनं हलत नाही. आता टाकी लिहिली तर मीच मढं आत आणलं. पार लिहिला तर मीच दगड हलवला. यातलं काय लिहावं, मला उमगेना.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. मतदाराच्या चिठ्ठ्या वाटायचं काम कोतवालाचं. चावडीवर बसून गठ्ठा लावत होतो, तर त्यात चिठ्ठी निघाली. हौसाबाई शिदू मदने, वय अठ्ठावन्न, स्त्री. मी ती खिशात घातली. बाकीच्या चिठ्ठ्या वाटल्या. संध्याकाळी नव्या ग्रामसेवकाकडं गेलो आणि म्हणालो, नोंद करायची आहे. तो म्हणाला, "नाना, वर्ष उलटलं. आता माझ्या हातात नाही. कोर्टाचा हुकूम लागेल."

म्हणून मी कोर्टात आलो. माणगिरीत एकाच आवारात तहसील, पोलीस ठाणं आणि कोर्ट आहे. तहसीलच्या पायऱ्या मी हजार वेळा चढलो असेन. कोर्टाच्या पायऱ्या पहिल्यांदा चढलो. शेटे वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्यांनी भराभर वाचून दाखवलं. त्यात "राहत्या घरी" असं होतं. मी ऐकलं, आणि सही केली. हेही मी केलं, ते लपवत नाही.

साक्षीला दस्तगीर हवा होता, गाडी त्याची म्हणून. सकाळी येताना जीपमध्ये मी त्याला म्हणालो, "जे असंल ते सांग." तो म्हणाला, "जे असंल तेच सांगणार." दोघांनीही पुढं काही विचारलं नाही.

आणि आता त्यानं शाळेचा गतिरोधक सांगितला होता.

मॅडम माझा कागद बघत होत्या. वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी वर बघितलं.

"वकील साहेब, प्रतिज्ञापत्रात राहत्या घरी लिहिलंय. साक्षीदार म्हणतात रस्त्यात, शाळेपाशी. अर्जदारांना पिंजऱ्यात बोलवा."

शेटे वकील माझ्या कानाशी आले. "नाना, घरी म्हणा नाहीतर शाळेपाशी म्हणा. दोन्ही एकाच गावात आहेत. पाच मिनिटांत हुकूम होतोय."

मी पिंजऱ्यात गेलो. लाकडाचा कठडा हातांनी गुळगुळीत झालेला होता. दस्तगीर खाली बाकावर बसून माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, या माणसानं माझ्यासाठी अल्लाची शपथ घेऊन खोटं सांगितलं. मी न मागता. आता मी काय सांगावं?

"शिदू मदने, तुमची पत्नी कुठे वारली?"

"टाकीपाशी, साहेब."

"कुठली टाकी?"

"खिंडीतली. चांदवणे तालुका. दगडाच्या सव्वा मैल अलीकडं... म्हंजी इकडनं बघितलं तर पलीकडं."

शेटे वकिलांनी कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"तुम्ही दोघं एकाच गाडीत होता ना?"

"व्हय."

"मग हे दोन वेगवेगळे मृत्यू कसे?"

"त्ये मला बी कळंना, साहेब. माझं बोट तिच्या मुठीत व्हतं. टाकीपाशी मूठ सुटली. मी एवढंच सांगू शकतो. प्रतिज्ञापत्रावर सही माझी हाय, पण त्यातलं खरं न्हाई."

"म्हणजे मृत्यू या न्यायालयाच्या हद्दीत झालाच नाही, असं तुम्ही स्वतःच सांगताय. तुमच्या लक्षात येतंय का?"

"येतंय. हद्दीचं मला येवढंच येतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ त्या एक पुस्तक चाळत होत्या. पंखा करकरत होता. बेलिफनं बाहेर कुणाच्यातरी नावाचा पुकारा केला आणि परत आत येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता माझ्यावर खोट्या प्रतिज्ञापत्राचं काहीतरी लावतील. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं.

"चालत्या वाहनात मृत्यू झाला," त्या सावकाश म्हणाल्या, "तर कळवायची जबाबदारी वाहन चालवणाऱ्याची असते. आणि त्यानं कळवायचं कुठे, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे. नियम असा आहे. त्यामुळे मला आता वेगळा प्रश्न विचारायचाय. गाडी कुठे थांबली?"

मला वाटलं, सगळं संपलं. मीच बोललो, "साहेब, ही जीप टाकीपाशी थांबतीच. रोज थांबती. चढ चढून इंजिन तापतं, तिथं पाणी घातल्याबिगर पुढं जात न्हाई. सगळ्या शिवाराला माहीत हाय."

"मी साक्षीदाराला विचारतेय. मुलाणी, उभे राहा. त्या दिवशी गाडी टाकीपाशी थांबली?"

दस्तगीर उभा राहिला. "न्हाई."

"पाणी घातलं नाही?"

"न्हाई."

"का?"

"थांबावं वाटलं न्हाई, मॅडम."

"मग कुठे थांबली?"

"नानांच्या दारात. इंजिन तिथं बसलं ते बसलंच. पंधरा दिवस गाडी गॅरेजला होती. त्याचा कागद असंल माझ्याकडं."

मॅडमनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग लिहायला लागल्या. लिहिताना म्हणाल्या, "मृत्यू टाकीपाशी झाला की शाळेपाशी, यावर मला निर्णय द्यायची गरज नाही. दोन्ही बाबतींत वाहन पहिल्यांदा सावरदऱ्यात थांबलं. प्रतिज्ञापत्र दुरुस्त करून द्या. नोंद सावरदरा ग्रामपंचायतीत करावी." आणि मला म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी वाचल्याशिवाय सही करू नका."

"पुढची वेळ न्हाई, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आलो तर डोकं चालत नव्हतं. मी खरं सांगितलं होतं आणि कागदावर पाहिजे होतं ते आलं होतं. असं होत नाही. एकतीस वर्षांत मी असं होताना बघितलं नव्हतं. आवारातल्या चिंचेखाली चहाची गाडी आहे, तिथं दस्तगीर दोन ग्लास घेऊन उभा होता.

"कशापायी खोटं बोललास?" मी विचारलं.

"कोण खोटं बोललं?"

"तू. गतिरोधक म्हणालास."

"गतिरोधकापाशी गाडी उडाली. मी आरशात बघितलं. वहिनीनं डोळं उघडलं आन् मिटलं."

"मी हुतो की तिथं! माझ्या मांडीवर हुती ती."

"तुमी हुता, खरं हाय. पर तुमचं डोळं मिटलेलं हुतं, नाना. खिंडीपासनं. मिटल्या डोळ्यांनी शाळा आली, पार आला म्हणत हुता. मी म्हटलं, या माणसाला वाट तोंडपाठ हाय."

माझे डोळे मिटलेले होते का? मला आठवेना. दगडाचा चुना उडालेला मी बघितला होता, हे आठवत होतं. पण ते मला तिला दवाखान्यात नेलं तेव्हापासूनच माहीत होतं.

"मंग टाकीपाशी थांबला का न्हाईस? रोज थांबतोस."

त्यानं ग्लास विसळून ठेवला. "वहिनी कुठं आलो, कुठं आलो करत हुत्या. माणसाला घाई असल्यावर पाणी कशाला घालत बसायचं?"

"जित्या माणसाला म्हणून थांबला न्हाईस, का मेलेल्या?"

"चला," तो म्हणाला. "ऊन व्हायच्या आत खिंड उतरू."

माणगिरीकडून येताना खिंड लागतच नाही. ती पलीकडच्या बाजूला आहे. हे त्यालाही माहीत होतं. त्याला विषय बदलायचा होता, एवढंच मला समजलं.

गावाजवळ आल्यावर मी म्हणालो, "दगडापर्यंत सोड मला." त्यानं गाव ओलांडून पुढं ओढ्यावर सोडलं. उतरताना मी विचारलं, "सुताराच्या म्हातारीच्या येळंला तू टाकीपाशी थांबला हुतास?"

"थांबलो हुतो."

"मंग?"

"मंग काय? ती येळ येगळी हुती. मला ठावं नव्हतं, तुमी दगडापाशी उभं असशीला म्हणून. आन् तिथं तुमी गोविंदालाच विचारलं. मला कोण विचारतंय?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

त्यानं गियर टाकला. "ड्रायव्हरला ठावं असतं, नाना. पर ड्रायव्हरला कोण विचारत न्हाई." आणि गेला.

मी दगडावर बसलो. इकडं शाळेचं छप्पर दिसत होतं, तिकडं डोंगराच्या खांद्यावर टाकी. मधे सव्वा मैल. हौसा त्यात कुठंतरी गेली होती. मला कुठलंच टोक धरता येईना. मग मी उठलो आणि गोविंदा सुताराकडं गेलो. का गेलो, हे मी ठरवलं नव्हतं. पाय तिकडं गेले.

गोविंदा अंगणात नांगराचं रुमणं तासत होता. मला बघून त्यानं वाकस खाली ठेवली नाही. त्या दिवसानंतर आठ-नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो. पण हौसाची तिरडी त्यानंच बांधली होती. न बोलावता आला होता.

"कोर्टाचं झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं. कागदावर सावरदरा आलं."

"मंग बरं झालं."

"गोविंदा, ती टाकीपाशीच गेली. मी कोर्टात तसंच सांगितलं. तरी कागदावर सावरदरा आलं. गावाला मी पार सांगितला हुता. तुला आधी सांगायला पायजे हुतं."

त्यानं दोन-तीन वार केले. ढलप्या उडाल्या.

"मला ठावं हाय."

"काय?"

"जीपमधनं उतरवताना हात लावला की मी. आत्ता गेलेलं माणूस कळतं, नाना. आत्ता न्हवती गेली ती."

"मंग तवा का बोलला न्हाईस? चार माणसांत बोलायचं हुतंस. तुझा हक्क हुता. मी तुझ्या आईला..."

"तुमच्यासाठी न्हाई गप बसलो," गोविंदा म्हणाला. त्यानं वाकस बाजूला ठेवली. "आईला वड्यानं न्हेली त्या दिवशी मसणवट्यात मी बसलो हुतो. लाकडं रचत हुते लोक. तवा वहिनी आली. कमरेवर कळशी. आमच्या घरातनं, आमच्या रांजणातलं पाणी भरून आणलं हुतं. पदरात उंबऱ्याजवळची चिमूटभर माती. बाया मसणात येत न्हाईत, पर आली. आईच्या तोंडात पाणी घातलं, माती कपाळाला लावली. म्हणाली, मामी, हे तुमच्या घरचं पाणी. घर आलं बरं का. आन् मला म्हणाली, आमच्या घरी सांगू नगंस."

मी उभाच होतो. आठ वर्षं ती माझ्याबरोबर जेवली, झोपली, भांडली, आणि हे मला माहीत नव्हतं.

"कुठनं आली ती?" मी विचारलं. "मसणवट्याकडं जायला दगडापासनंच वाट हाय. मी तर संध्याकाळपातूर दगडापाशी उभा हुतो. कोण आत येतंय का बघत."

गोविंदानं फुंकर मारून पाटावरच्या ढलप्या उडवल्या आणि पाट माझ्याकडं सरकवला.

"बसा," तो म्हणाला. "तुमी खिंडीकडं तोंड करून उभं हुता, नाना. ती तुमच्या पाठीमागनं गेली."